विहिरीतलं पळणं

“आत्याबाई, पोहू नका, पळा! डॉक्टरनं पळायला सांगितलंय!” विहिरीच्या काठावरून सून वैष्णवी ओरडली.

“पळूनच तर राहिले! तुला काय जातंय वर बसून सांगायला!” खालून चतुराबाई फुरफुरल्या.

कमरेला तेलाचे दोन रिकामे डबे बांधलेले, गळ्यापर्यंत पाणी, पाय तळापासून कितीतरी वर, आणि त्या अधांतरी पायांनी चतुराबाई पळत होत्या. हट्टा गावच्या शिवारात जन्मभर मेंढरांमागं पळून गुडघ्यांचं पार भुस्कट झालं होतं. वसमतचे डॉक्टर म्हणाले, खोल पाण्यात उभ्यानं पळा, गुडघ्यावर भार येत नाही. घ्या! म्हातारपणी हेच एक करायचं राहिलं होतं. पण फरक पडला हो! सकाळी उठताना भिंत धरावी लागेना.

अडचण एकच. लुगडं पाण्यात पायांना गुंडाळायचं, म्हणून लेकाची, शिवहारची, जुनी हाफ पँट घालावी लागायची. त्याची शरम एवढी, की शिवार सामसूम झाल्यावरच यायचं आणि शिवहारलाही सांगायचं नाही, अशी सुनेला शपथ घातलेली.

त्या दुपारी सोजराबाई चुकलेली शेळी शोधत आली. सून वाकून बघतेय आणि आत सासू हातपाय मारतेय, एवढं तिला दिसलं. झालं!

“धावा रे! सुनंनं सासूला हिरीत ढकललं!”

बाई विहिरीत दिसली की गावाला दुसरं काही सुचतच नाही. आसपासची माणसं धावली. पुढं चतुराबाईंचे थोरले दीर संपतराव. चतुराबाईंनी खालूनच त्यांचा आवाज ओळखला. ज्यांच्यासमोर उभ्या जन्मात डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांच्यासमोर उघड्या मांड्यांनी जायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं! त्या पायऱ्यांच्या आडोशाला सरकल्या आणि गप्प राहिल्या.

“मामंजी, गुडघ्यासाठी पळून राहिल्यात त्या,” वैष्णवी काकुळतीनं सांगत होती.

“पाण्यात कोण पळतं गं?” सोजराबाई कडाडली. “आमाला येडं समजून राहिलीस?”

“आत्याबाई, बोला ना! सांगा ना ह्या लोकायला!”

चतुराबाईंनी ओठ आवळले. दोर आणायला पांगतील सगळे, मग बोलू. तेवढ्यात काय होतंय?

तेवढ्यात शिवहार आला. वर फाडकन आवाज झाला. मग वैष्णवीचं रडणं.

चतुराबाई निघाल्या. ओल्या चोळीत, हाफ पँटीत, उघड्या डोक्यानं एकेक पायरी चढून सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. संपतरावांनी घाईनं पाठ फिरवली. सोजराबाई मागच्या मागं सरकली.

“मला मार,” त्या शिवहारला म्हणाल्या. “हिनं माझी लाज झाकली, अन् मी मात्र...”

वैष्णवीनं सुजल्या गालानं सासूच्या अंगावर लुगडं टाकलं.

संध्याकाळी भाकरी थापताना तिनं विचारलं, “तुमाला खाली ऐकू येत व्हतं?”

“व्हय.”

“समदं?”

“समदं.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैष्णवीनं आपणहून डबे उचलले. “चला,” म्हणाली. एरवी वाटेनं ती सासूच्या चालीनं चालायची, हात धरून. आज ती पुढं निघाली. बऱ्या झालेल्या गुडघ्यांनी चतुराबाई मागून भराभर येत होत्या, आणि दोघींमधलं अंतर काही कमी होत नव्हतं.