गोंगाटातलं टेबल

लग्न ठरलं तेव्हाच मी ह्यांना स्वच्छ सांगितलं होतं, की मला शिवण उत्तम येतं, भांडण त्याहून उत्तम येतं, पण स्वयंपाकघरात माझा जीव रमत नाही. हे म्हणाले, "मग बाहेर जेवू." लोकांना ती थट्टा वाटली. आम्ही ती जन्मभर पाळली. हे बंदरावर क्रेन चालवायचे आणि घराखालीच, रस्त्याला लागून, माझं पडदे शिवायचं दुकान. संध्याकाळी मी मशीनवर झाकण टाकेपर्यंत हे दारात उभे असायचे. मग आम्ही उतार उतरायला लागायचो आणि खाली पोचेपर्यंत एकच वाद घालायचो, आज कुठे.

मला हे शहर कळलं ते पोटातून. दीपगृहाच्या वळणावर एका म्हातारीचं चहाचं दुकान होतं. तिच्या खिडकीच्या काचांवर समुद्राचं मीठ साचायचं आणि ती ते कधी पुसायची नाही. म्हणायची, पुसून काय करू, उद्या परत येणारच आहे. फेरीबोटीच्या धक्क्याजवळच्या बेकरीत पहिल्या बोटीच्या माणसांच्या आधी पोचलं तरच गरम पाव मिळायचा, आणि त्या पावासाठी हे सुट्टीच्या दिवशीसुद्धा अंधारात उठायचे. पायऱ्यांच्या गल्लीत मावशीची खानावळ. चार टेबलं, मी शिवलेले पांढरे टेबलक्लॉथ, आणि माणसं बोलायची ती देवळात बोलल्यासारखी हळू. आणि मासळी बाजाराच्या मागे खडूसचं हॉटेल. त्याच्या पाटीवर दुसरंच काहीतरी नाव आहे, पण ते वाचायच्या फंदात कोणी पडत नाही. गिऱ्हाइकाशी गोड बोललं तर सूप नासतं अशी बहुतेक त्याची समजूत असावी. बसायला जागा नसली की म्हणतो, "उभ्याने खा, पाय दिलेत ना?" ह्यांचा त्याच्यावर फार जीव.

उन्हाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात परत आला, पायही बराचसा आला, बोलणं अडखळत का होईना आलं. गिळणं मात्र रुसून बसलं. नाकातून पोटापर्यंत एक नळी आणि त्या नळीतून मोजून मापून सोडलेलं पांढरं पाणी, हेच ह्यांचं जेवण. ज्या माणसाने बेकरीच्या पावासाठी झोप मोडली, त्याने ते कसे दिवस काढले ते मी पाहिलंय.

शेवटी एकदाची नळी निघाली आणि इस्पितळातल्या बाईंनी नव्याने गिळायला शिकवलं. त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. आम्ही त्यांना गिळणेबाई म्हणायचो. त्यांचा नियम असा. ताठ बसायचं. हनुवटी खाली. छोटा घास. एकदा गिळायचं, परत एकदा गिळायचं, आणि मग मोठ्याने "आ" म्हणायचं. आवाज स्वच्छ आला तर घास खाली गेला. घरघर आली तर काहीतरी वरच अडकलंय, ते खोकून काढायचं. पातळ काही द्यायचं असलं तर त्यात एक पावडर ढवळून ते मधाइतकं दाट करायचं.

"एक वेळ घास कमी घ्या," गिळणेबाई म्हणाल्या, "पण 'आ' चुकवू नका. अन्न फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. आणि पुढच्या तपासणीला वजन ह्याहून उतरलेलं दिसलं, तर नळी परत घालावी लागेल."

 घरी, दाराशी आल्यावर हे म्हणाले, "नळी नाही. काही झालं तरी नाही." ह्या माणसाने आयुष्यात फार थोड्या गोष्टींना नाही म्हटलंय, आणि जिला म्हटलं तिला परत कधी हो म्हटलेलं नाही. 

मदतीला वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्यांच्या हाताला चव आहे, मनही चांगलं आहे, आणि माझ्याबद्दलचं मत त्यांनी लग्नाच्या दिवशी बनवलं ते आजतागायत बदललेलं नाही. त्या बटाटा, भोपळा, मासा सगळं मिक्सरमधून काढून तीन वाट्यांत आणायच्या. तीन रंगांचा चिखल. हे चार घास घ्यायचे, प्रत्येक घासानंतर भिंतीकडे तोंड करून "आ" म्हणायचे आणि वाटी सरकवायचे. पुरे.

मग मी गावभर फिरून ह्यांच्या आवडीची पार्सलं आणली आणि तीही मिक्सरला लावली. मिक्सरमधून निघालं की मावशी काय आणि खडूस काय, सगळे सारखेच. ह्यांनी चमचा तोंडाला लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. जेवणाबरोबर ती खुर्ची, तो उतार, तो वाद मी डब्यात भरून आणू शकत नव्हते. तेव्हा मी ठरवलं. ह्यांना बाहेरच जेवायला न्यायचं.

"तुझं डोकं फिरलंय का?" वन्सं म्हणाल्या. "चारचौघांत त्याचं ते खोकणं, ते आ आ करणं. लोक काय म्हणतील?"

"लोक जेवायला येतात वन्सं, बघायला नाही."

"अगं, लोक जेवता जेवताच बघतात."

ह्यात त्या बरोबर होत्या, पण ते मी त्यांच्या तोंडावर थोडीच म्हणणार.

मी सगळं व्यवस्थित केलं, आणि तिथेच चुकले. मावशीला आधी जाऊन सांगितलं. गर्दी नसेल अशी वेळ ठरवली, दुपार टळल्यावरची. कोपऱ्यातलं टेबल, मऊ कुस्करलेला बटाटा, दाट सूप. आम्ही गेलो तेव्हा खानावळीत लांबच्या टेबलावर एक नवरा-बायको तेवढे होते. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मावशी हात जोडल्यासारखे धरून समोर उभी राहिली.

ह्यांनी पहिला घास घेतला. गिळला, परत गिळला आणि म्हणाले, "आ."

त्या शांततेत तो आवाज केवढा तरी वाटला. लांबच्या दोघांनी माना वळवल्या आणि सभ्यपणाने लगेच परत फिरवल्या. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या घासाला ह्यांनी ओठ घट्ट मिटले आणि "आ" गिळूनच टाकला. मी खुणेने सांगितलं, हे माझ्याकडे बघेनात. तिसऱ्या घासालाही तेच. चौथ्याला ठसका लागला तो थांबेना. चेहरा काळानिळा झाला. मी त्यांना पुढे वाकवलं, खोका म्हणाले, खोका, आणि मावशी तर रडायलाच लागली. शेवटी घास बाहेर आला, माझ्याच पांढऱ्या टेबलक्लॉथवर.

चढ चढताना मी हात पुढे केला, ह्यांनी तो धरला नाही. त्या दिवसापासून घरीही "आ" बंद झाला. तो नाही म्हणून घास नाही. वन्संनी समोर बसून विनवलं, मी समोर बसून दटावलं. हे वाटीकडे बघत राहायचे.

"झालं समाधान?" वन्संनी विचारलं.

मी उठले. खाली दुकानात गेले, शटर अर्धं ओढलं आणि मशीनवर डोकं टेकून पोटभर रडले. मग उठून जाड पडद्याचं काम घेतलं, कारण रडून शिलाई होत नाही.

दुसऱ्या दिवशी हे वर एकटे कुढत बसायला नकोत म्हणून मी त्यांना दुकानात मागच्या खुर्चीवर बसवलं. वन्सं वाटी खाली घेऊन आल्या, ह्यांच्या मांडीवर ठेवली आणि वर गेल्या. मी पाठमोरी. पायडल दाबलं की माझं मशीन असं गरजतं की रस्त्यावरचं कुत्रं उठून जातं. एक लांब शिवण झाली, दोरा कापायला मी पाय काढला, आणि मागून अर्धा "आ" ऐकू आला. अर्धाच. उरलेला ह्यांनी तोंडातच दाबला. मी वळले नाही. परत पायडल दाबलं. समोरच्या आरशात, गिऱ्हाइकाला पडदा धरून दाखवायला मी लावलेला आहे त्यात, दिसलं, की मशीन चालू झालं तसा ह्यांनी चमचा उचलला. गिळलं, परत गिळलं, तोंड उघडलं. मी थांबले की हे थांबायचे.

त्या दुपारी मी एका पडद्याच्या कडेला इतक्या शिवणी मारल्या की तो पडदा आता बंदुकीच्या गोळीलाही दाद देणार नाही. दोरा संपला तरी पाय काढला नाही. वाटीतलं निम्मं संपलं.

मला कळलं. शांत जागा आम्हाला हवी होती, ह्यांना नव्हे. मी आणि मावशीने मिळून ह्यांना भर शांततेत एकटं पाडलं होतं. ह्यांना अशी जागा हवी होती जिथे एक माणूस ओरडला काय न ओरडला काय, कोणाला पत्ता लागणार नाही. आणि तशी जागा ह्या शहरात एकच आहे.

तपासणी तोंडावर आली होती. मी वन्संना सांगितलं, उद्या दुपारी आम्ही खडूसकडे जातोय. ऐन गर्दीच्या वेळेला.

वन्संनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "तो ठसका परत लागला तर?"

"तर मी आहे."

"आणि तू असून नाही थांबला तर?"

 भीती मलाही वाटतच होती, रात्रभर वाटली. पण भीतीपोटी घरी बसवलं तर नळी ठरलेली होती, आणि नळीला ह्यांचं नाही ठरलेलं होतं. ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "नुसतं चला. खाऊ नका वाटलं तर. मला भूक लागलीय आणि एकटीने खडूसशी भांडायला मजा येत नाही."

खडूसच्या दारात पाऊल टाकलं की पहिल्यांदा कान बधिर होतात. तव्यावरचा धूर ओढणारा एक पंखा आहे, तो जुन्या बोटीच्या इंजिनासारखा घरघरतो. मागच्या गल्लीत बर्फाच्या पेट्या फरशीवरून ओढत नेतात, शेजारी लिलावाची आरोळी, आणि ह्या सगळ्यावर ताण म्हणून जेवणारे ओरडून बोलतात. ह्या वेळी मी आधी कोणाला काहीही सांगितलं नव्हतं.

खडूसने ह्यांना पाहिलं. वाकडं झालेलं तोंड, सैल झालेला शर्ट, हातातली काठी, सगळं पाहिलं असणार. म्हणाला, "इतके दिवस कुठे होतात? दुसरीकडे जेवायला लागलात काय?" आणि उत्तराची वाट न बघता कोणावर तरी खेकसायला निघून गेला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

माशाचं सूप आणि उकडलेला बटाटा आला. मी मासा बोटांनी चिवडून काटे पाहिले, बटाटा कुस्करला, पर्समधून डबा काढला आणि सूपमध्ये पावडर ढवळायला लागले. खडूस मागे येऊन उभा.

"माझ्या सूपात काय टाकताय?"

"पातळ आहे तुमचं सूप."

"पातळ? बंदर झालं तेव्हापासून हेच सूप करतोय मी."

"तेव्हापासून पातळच आहे."

तो पुटपुटत गेला. ह्यांच्या ओठाचा चांगला कोपरा किंचित हलला. हे ताठ बसले, हनुवटी खाली घेतली आणि चमचा उचलला. गिळलं, परत गिळलं. मग तोंड उघडलं. त्या गदारोळात मलाही काही ऐकू येईना, आणि आवाज स्वच्छ आहे की घरघर, हे तर मला कळायलाच हवं होतं. म्हणून मी खुर्ची सरकवून कान थेट त्यांच्या तोंडाशी नेला. बघणाऱ्याला वाटावं, ह्या वयात काय गुलुगुलू चाललंय. माझ्या कानात ह्यांचा "आ" आला, गरम आणि स्वच्छ. मी मान हलवली. दुसरा घास. "आ." तिसरा. वाटीतलं सूप खाली खाली जायला लागलं. हे मला बटाट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो पण."

आणि पंखा बंद पडला.

तुम्ही पाहिलंय का, मोठा आवाज अचानक थांबला की सगळे एकदम गप्प होतात, वाक्य अर्धवट टाकून? तसं झालं. मागची बर्फाची पेटीही नेमकी तेव्हाच थांबली. सगळं हॉटेल मान वर करून पंख्याकडे बघत होतं आणि ह्यांच्या तोंडात घास होता.

ह्यांनी तो गिळला. परत गिळला. ओठ मिटलेलेच. मावशीकडची ती सगळी दुपार त्यांच्या चेहऱ्यावर आली. मी खडूसला मोठ्याने झापायला तोंड उघडलं. माझ्या आरडाओरड्याखाली ह्यांचा "आ" सहज झाकला गेला असता. पण ह्यांनी माझं मनगट दाबलं. क्रेन चालवणारा हात तो. मी गप्प बसले.

"आ," हे म्हणाले.

कानात नव्हे. समोर, मोठ्याने. सगळ्या माना वळल्या. स्टुलावर चढून पंख्याशी खटपट करणाऱ्या खडूसने खाली पाहिलं.

"ओरडायला काय झालं? पंखा बंद पडलाय, चूल नाही."

कोणीतरी हसलं. हे त्याच्याकडे बघत राहिले. मग शांतपणे चमचा भरला आणि सगळे बघत असताना तोंडात घातला. गिळलं. परत गिळलं. "आ," मघापेक्षा मोठ्याने. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाले, "ओरडत नाही. जेवतोय."

खडूसने स्टुलावरून एकदा वाटीकडे पाहिलं. 

"मग जेवा की," तो म्हणाला आणि पंख्याकडे वळला.

पंखा काही लगेच सुरू झाला नाही. ह्यांनी वाटी संपवली.