डार्सीचा शेवटचा सामना आणि मी

मित्रांनो, शनिवारी खेळ संपल्यावर ज्या जुन्या टेबलावर तुम्ही सॉसेज आणि सॉसच्या बाटल्या मांडता, ते मी. मी जेवणाचं टेबल नव्हे. इथल्याच हेन्डरसन उपनगरातल्या एका सुताराने २०११ साली मला बनवलं ते खेळाडूंना झोपवून त्यांचे दुखरे पाय चोळण्यासाठी. जाड लाकडी पाय, वर काळं रेक्झिन आणि पालथं पडल्यावर श्वास घेता यावा म्हणून डोक्याकडे एक गोल भोक.

पुढच्याच वर्षी ओहायोहून डार्सी आली. अमेरिकेत ती व्यावसायिक फुटबॉल खेळायची, पण तिची लीग बंद पडली आणि ऐन भरातल्या पोरी घरी बसल्या. आमच्या क्लबने तिला बोलावलं. ती बचावफळीत खेळायची. उंच आलेला चेंडू डोक्याने परतवण्यात तिचा हात धरणारं इथे कोणी नव्हतं.

तिची देखभाल करायची दीप्ती. पुण्याहून शिकायला आलेली, इथेच फिजिओथेरपिस्ट झालेली. आठवडाभर दवाखाना, शनिवार-रविवार क्लब. डार्सी माझ्यावर पालथी पडून त्या भोकातून जमिनीशी गप्पा मारायची आणि दीप्ती तिच्या पोटऱ्या दाबता दाबता हसायची. लहान मुली डार्सीसारखी वेणी घालून सामन्याला यायच्या. माझे सुखाचे दिवस ते एवढेच.

२०१४ च्या उपांत्य सामन्यात डार्सीचं डोकं दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर आदळलं. तिला आणून माझ्यावर झोपवलं. आपण कुठे आहोत, असं दीप्तीने विचारलं, तर ती म्हणाली, घरी, ओहायोत.

दीप्तीने प्रशिक्षक रॉसला स्पष्ट सांगितलं, मेंदूला मार बसलाय, पुढच्या रविवारी अंतिम सामन्यात हिला उतरवायचं नाही. रॉस म्हणाला, "चालतेय, बोलतेय. स्वीट ॲज, एकदम झकास."

डार्सीनेही दीप्तीचं मनगट धरलं. "लीग गेली, घर सुटलं. एवढा एक सामना खेळू दे मला."

"नाही," दीप्ती म्हणाली. "जन्मभर माझ्यावर रागावलीस तरी नाही."

मग रॉसने सोपा मार्ग काढला. अंतिम सामन्याला त्याने दीप्तीला बोलावलंच नाही. तिच्या जागी बर्फाची पिशवी देऊन ओळखीतल्या कुणाला तरी बसवलं.

डार्सी खेळली. डोक्याने गोल केला आणि थोड्याच वेळात पुन्हा डोक्यावर आपटली. क्लब जिंकला. चषक आणून माझ्यावर ठेवला आणि सगळे माझ्याभोवती नाचले. पलीकडे संडासात डार्सी ओकत होती, ते मला ऐकू येत होतं. आणखी कुणाला आलं की नाही, ठाऊक नाही.

ती पुन्हा कधी खेळली नाही. उजेड सोसवेना, बोलताना शब्द सापडेनात. हिल्सबरोतल्या भाड्याच्या खोलीत पडदे ओढून पडून असायची. सुरुवातीला मुली फुलं घेऊन गेल्या. मग सराव होते, परीक्षा होत्या. पुढच्या हंगामात तिच्या जागी दुसरी आली. रॉसला मोठ्या क्लबने नेलं. दीप्तीने क्लब सोडला, डार्सीकडे जाणं मात्र सोडलं नाही. माझं रेक्झिन फाटलं, तसं मलाही भिंतीकडे सरकवलं.

२०१९ मध्ये त्या विजयाचा सोहळा झाला. दीप्तीचा दंड धरून, काळा चष्मा लावून डार्सी आली. पाहुणा म्हणून आलेला रॉस भाषणात म्हणाला, या पोरीने क्लबसाठी अक्षरशः डोकं दिलं. लोक हसले. सगळे हसतात म्हणून डार्सीही हसली. मग माझ्या कडेला टेकून तिने हळूच विचारलं, "दीप्ती, त्या दिवशी मी खेळले होते?"

"हो. गोल तूच केलास."

"कसा होता गं?"

दीप्तीने तो सामना पाहिलाच नव्हता. तरी ती म्हणाली, "फार सुंदर."

मित्रांनो, मला नवं रेक्झिन नको. पण उद्या तुमच्यातलं कोणी डोकं धरून उठेल आणि मी बरा आहे म्हणेल, तेव्हा त्याचं ऐकू नका. त्याला झोपवा. आणि 'खेळू नकोस' म्हणणाऱ्या माणसाला मैदानाबाहेर ठेवू नका. डार्सीच्या वाट्याला एवढंही आलं नाही.