कोठ्यातलं पहिलं कार्य

धोंडबा वारला तेव्हा गावाला दोन गोष्टींचं वाईट वाटलं. एक, माणूस भला होता. दुसरं, कोठ्याचं उद्घाटन लांबलं. दुसरं जरा जास्त मनापासून वाटलं.

कोठा म्हणजे धोंडबाच्या आजोबांचा बैलांचा गोठा. सागवानी खांब, वर कवेलूंचं छप्पर, आत लग्नाचा मांडव मावेल एवढी ऐसपैस जागा. बुटीबोरीचा एक गोदामवाला मागत होता; धोंडबाने त्याला न विकता तो गावाला देऊन टाकला. मग नागपूरच्या एका संस्थेच्या लोकांनी येऊन भिंतींना चुना केला, वाकलेले खांब सरळ केले, आणि जिथे बैल रवंथ करायचे तिथे गावाच्या पंगती बसतील अशी सोय करून दिली. धोंडबाची तेरवी, तेराव्याचं जेवण, तिथेच व्हावी, एवढंच त्याच्या बायकोचं, प्रेमिलाचं मागणं होतं.

ते घेऊन ती मधुकररावांकडे गेली. हे धोंडबाचे धाकटे चुलतभाऊ आणि कोठा समितीचे अध्यक्ष. ओसरीवर म्हातारा बळीराम चहा फुंकत बसला होता.

"मी तं आत्ता किल्ली देतो, वहिनी," मधुकरराव म्हणाले. "पण पहिलं कार्य शुभच पाहिजे, असा ठराव आहे नं."

"कोणं केला असा ठराव?"

"दादानंच तं मांडला. विसरल्या काय?"

विसरली कुठली! सभेत मांडला धोंडबाने, पण त्याच्या तोंडात घातला तिनेच. तेव्हा बळीराम अंथरुणाला खिळलेला, आज जातो की उद्या. लेकीचं, प्रीतीचं लग्न कोठ्यात पहिलं लागावं आणि त्याआधीच याची तेरवी आडवी यावी, ही तिला धास्ती. पुढे प्रीतीचं जुळलेलं मोडलं, बळीराम उठून बसला, आणि धोंडबा चालताबोलता गेला.

"मीच गेलो असतो तं बरं होतं, नाई वं प्रेमिला?" बळीरामने बशी खाली ठेवली. गावात काय लपतं?

तोड मधुकररावांनीच काढली. त्यांच्या नातवाचा वाढदिवस पुढच्या महिन्यात होता. तो ओढून तेरवीच्या दिवशी सकाळी आणला. शुभ कार्य उरकलं की दुपारी कोठा मोकळा. "केक कापायले असा किती वेळ लागते?"

केकला नाहीच लागला. जेवणाला लागला. पनीर, गुलाबजाम, अख्खं गाव. अध्यक्षांच्या घरचं आमंत्रण; नाही म्हणून वैर कोण घेणार?

फुगे उतरवायला सवड मिळाली नाही. त्यांच्याखालीच धोंडबाचा फोटो मांडला, आणि सकाळचीच माणसं, तोंडं तेवढी लांब करून, पुन्हा पंगतीला बसली. प्रेमिला वाढायला वाकली की पत्रावळीवर हात आडवा.

"नको वं, पोट फुटून राहिलं."

"बुंदी तरी घ्या, त्यांच्या नावानं."

"त्याच्या नावानं दोन दाणे टाक मंग."

बाकी कौतुकात कोणी कमी केलं नाही. कोठ्यात हवा काय खेळते, म्हणाले.

पंगत उठली. भाताचे गंज जवळजवळ तसेच भरलेले.

"उरलं ते गुरांले घाला, वहिनी. पुण्य लागते," मधुकरराव दात कोरत म्हणाले.

"कोणाच्या गुरांले, भाऊजी? गावात गुरं उरली असती तं हा कोठा तुमच्या समितीले भेटला असता काय?"

मधुकररावांनी काडी दुसऱ्या दातात घातली.