तिसऱ्या कडव्यातली ढोलकी

उत्तमराव सोमकुवर सौंसरच्या तहसील कचेरीत आवक-जावक सांभाळत होते. पांढुर्णा जिल्हा झाला आणि तिथल्या कलेक्टर ऑफिसात माणसं लागली, तेव्हा जी चार-दोन नावं यादीत गेली त्यांत त्यांचंही गेलं. घर सौंसरलाच राहिलं. त्यामुळे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या वाट्याला सकाळी एक तास बस आणि संध्याकाळी एक तास बस आली.

पण त्यांची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती, कारण याच दिवाळीत त्यांच्या मुलीने, करुणाने, एक काम केलं होतं. करुणा नागपूरला नर्स आहे. तिने घरातल्या ट्रंकेतून एक जुनी कॅसेट काढून नेली, तिकडे कोणाकडून तरी ती मोबाईलवर घेण्याजोगी करून आणली आणि बाबांच्या फोनमध्ये टाकून दिली.

ही कॅसेट म्हणजे उत्तमरावांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट. तरुणपणी ते ढोलकी वाजवायचे. सौंसरात त्यांची गायन पार्टी होती. जयंती असो, लग्न असो, गणपती असो, पार्टी बोलावली की जायची. पेटीवर मोहगावचे भगवंतराव, ढोलकीवर उत्तमराव, आणि कोरसमध्ये आणखी तिघींबरोबर इंदूबाई, म्हणजे उत्तमरावांची तेव्हाची नवी नवरी. पंच्याण्णव साली पार्टीने नागपूरला जाऊन ही एकच कॅसेट भरली. त्यातलं 'जाम नदीच्या काठी' हे गाणं तालुक्यात बरंच चाललं.

फक्त त्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात एक अडखळ होती. ताल क्षणभर घसरतो आणि पुन्हा सावरतो. स्टुडिओवाल्याने वेळ संपली म्हणून ते तसंच ठेवलं. ही चूक कोणाची, यावर उत्तमरावांच्या मनात कधीच शंका नव्हती. "भगवंतरावची पेटी पळाली," ते सांगायचे. "मी ढोलकीनं सांभाळून घेतलं म्हणून गाणं वाचलं." लग्नाच्या पंगतीत सांगायचे, ऑफिसात सांगायचे, भगवंतरावांची कोणाशी ओळख करून देतानाही सांगायचे. भगवंतराव बिचारे मान खाली घालून ऐकून घ्यायचे. त्या कॅसेटनंतर कार्यक्रमात हे गाणं आलं की ते धास्तीने तिसरं कडवं इतकं हळू वाजवायचे, की गाणाऱ्याचा दम संपायचा.

तर उत्तमराव ही गाणी बसमध्ये मोबाईलवर लावायला लागले. तीन दिवस लोकांनी सहन केलं. चौथ्या दिवशी कंडक्टर म्हणाला, "काका, गाणं चांगलं हाय, पण सारी गाडी काऊन आयकवून राहिले? कानात घालाचं काही घ्या ना."

उत्तमरावांना ते लागलं. त्यांनी दुपारी करुणाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, रबराचे बोंडवाले इअरफोन घ्या, कानात घट्ट बसतात. अन् वायरवालेच घ्या. बिनवायरचे तुम्ही पहिल्याच दिवशी हरवसाल."

पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळ अंकुर नावाच्या पोराचं मोबाईलचं दुकान आहे. वय पंचवीसच्या आसपास, बोलायला गोड, आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही असा बाणा. उत्तमराव जेवणाच्या सुट्टीत तिथे पोचले.

"कानात घालाचं दाखव, बेटा. वायरवालं. पाचशेच्या आत."

"हे घ्या काका. याच्यात बेस एक नंबर हाय."

"बेस म्हंजे?"

"म्हंजे धमधम. छाती हालते."

"मले छाती नाही हालवाची. मले ढोलकी आयकाची हाय. माहीच हाय ती."

अंकुरने कौतुकाने मान हलवली आणि बोंडं कापसाने पुसून ती त्यांच्या कानात बसवली. गाणं सुरू झालं. उत्तमरावांना वाटलं, शेजारच्या घरात पिठाची चक्की चालू आहे आणि त्या घराच्या पलीकडे कोणीतरी गात आहे. त्यांनी ते काढून ठेवलं. दुसऱ्यात चक्की नव्हती, पण सगळी पार्टी तेलाच्या रिकाम्या डब्यात बसून गात होती. तेव्हा अंकुरने त्यांचा डावा कान जवळून पाहिला.

"काका, तुमचा हा कान लहान हाय."

"कान कसा लहान राहील?"

"उजव्यापेक्षा लहान हाय. बोंड बसतच नाही. हवा जाऊन राहिली."

आपले दोन कान एका मापाचे नाहीत, हे उत्तमरावांना अठ्ठावन्न वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दुकानातल्या आरशात दोन्ही बाजू पाहून घेतल्या. मग अंकुरने डाव्याला सगळ्यांत लहान बोंड लावलं, उजव्याला मधलं. डबा थोडा दूर गेला, पण गेला नाही.

असे चार दिवस गेले. जेवणाचा डबा उत्तमराव साडेबारालाच उरकायचे आणि दुकानात जाऊन बसायचे. अंकुरने लाल दाखवले, काळे दाखवले, चपट्या वायरचे दाखवले, वर बटण असलेले दाखवले. प्रत्येक वेळी गाणं तेच. चौथ्या दिवशी अंकुर स्वतःच शटर पुसताना 'जाम नदीच्या काठी' गुणगुणत होता.

पाचव्या दिवशी त्याने अगदी खालच्या खणातून एक साधं पाकीट काढलं. त्यावर ना मोठं नाव, ना धमधमीचं आश्वासन. "हे पाहा काका. जुना माल हाय, साडेतीनशेचा. कोणी घेत नाही, आवाज दणक्यात नाही म्हणून. हे नाही जमलं तं मी दुकान बंद करतो."

उत्तमरावांनी बोंडं बसवली, डावं लहान, उजवं मधलं, आणि गाणं लावलं.

पहिल्याच ओळीला त्यांचा हात आपोआप मांडीवर गेला. पेटी एकीकडे, कोरस दुसरीकडे, आणि मधोमध त्यांची ढोलकी, डाव्या हाताचा घुमारा वेगळा आणि उजव्या हाताची टिचकी वेगळी. कोरसमधून इंदूचा आवाज निराळा काढता येत होता. एवढंच काय, तिच्या बांगड्या वाजल्या त्याही ऐकू आल्या. पहिलं कडवं संपलं तेव्हा त्यांनी खिशातून पैसे काढून काचेवर ठेवले होते.

"बाकीचं मी संध्याकाळी आरामानं आयकतो," ते म्हणाले. एवढं चांगलं काही घाईत संपवायचं नसतं, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी बसस्टँडवर सौंसरची गाडी लागायला वेळ होता. उत्तमराव बाकावर बसले, डोळे मिटले आणि गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. दुसरं कडवं झालं. तिसरं सुरू झालं. आता भगवंतरावची पेटी पळणार म्हणून ते गालात हसले.

पेटी पळाली नाही. पेटी सरळ रस्त्याने चालणाऱ्या शहाण्या माणसासारखी चालत होती. ढोलकीने मात्र एक मात्रा गिळली, जागच्या जागी गोंधळली आणि मग धावतपळत पेटीला गाठलं.

उत्तमरावांनी डोळे उघडले. गाणं मागे घेतलं. पुन्हा तेच. त्यांनी ती जागा नऊ वेळा ऐकली. नवव्या वेळी तर त्यांना आठवलंही, की त्या क्षणी त्यांचं लक्ष काचेपलीकडच्या स्टुडिओवाल्याकडे गेलं होतं, कारण तो डबा उघडून जेवायला बसला होता.

ते उठले आणि तरातरा दुकानात गेले.

"हे खराब हाय."

अंकुर घाबरला. "एका बाजूनं बंद पडलं का?"

"बंद नाही. भलतंच आयकू येऊन राहिलं. मले ते पहिलं दे. धमधमवालं."

"काका, त्याच्यात तं चक्की चालते म्हणाले होते ना तुम्ही?"

"चालू दे चक्की."

अंकुरने दोन्ही हात जोडले, पण बदलून दिलं. बसमध्ये उत्तमरावांनी तिसरं कडवं लावून पाहिलं. धमधमीत सगळं बुडून गेलं होतं. ना पेटी, ना ढोलकी, ना कोणाचा दोष. तरी त्यांना चैन पडेना. अर्धा रस्ता मागे पडला तरी त्या धमधमीखाली नेमकी कुठे मात्रा हुकते ते त्यांना आता बरोबर कळत होतं.

घरी इंदूबाई वाटच पाहत होत्या. पाच दिवस नवरा एका वायरीसाठी खपतोय, म्हणजे चीज काहीतरी असणार. त्यांनी बोंडं कानात घातली आणि मिनिटभरात काढली.

"हे काय आणलं? मी कुठी हाव याच्यात?"

"हाय ना. मागं हाय."

"मागं नाही अन् पुढं नाही. पाच दिवस जाऊन हे आणलं? उद्या शनिवार हाय, मी येतो तुमच्यासंग."

उत्तमरावांनी गाड्यांना गर्दी असते म्हणून पाहिलं, तुला बस लागते म्हणून पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता इंदूबाई अंकुरच्या दुकानात उभ्या होत्या आणि अंकुरने सगळं सांगून टाकलं होतं.

"काकू, यायनं पहिले चांगलंच घेतलं होतं. मग वापस येऊन खराब मागून नेलं. आमच्या धंद्यात असं गिऱ्हाईक मी पाह्यलं नाही."

इंदूबाईंनी साधं पाकीट मागून घेतलं. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी गाणं ऐकलं. आपला आवाज ऐकून त्या एकदा लाजल्या. तिसरं कडवं आलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खांदे हलवून हसायला लागल्या.

"एवढं हासाले काय झालं?" उत्तमराव म्हणाले.

"मले तं तवाच मालूम होतं. मी तुमच्या बाजूलेच उभी होती ना."

"मग बोलली काऊन नाही?"

"लग्नाले सहा महिनेच झाले होते."

"अन् त्याच्या नंतर?"

"नंतर तुम्ही ते इतकं रंगवून सांगाले लागले, की मलेच आयकाले बरं वाटे." मग त्या हसायच्या थांबल्या. "पण भगवंतरावले मातर बरं नसन वाटत."

उत्तमरावांनी धमधमवालं काढून अंकुरसमोर ठेवलं. इंदूबाईंनी पाकीट पिशवीत टाकलं, आणि रविवारी दोघं मोहगावला निघाले.

भगवंतरावांच्या वाडीत संत्र्यांची तोडणी चालू होती. झाडाखाली ढीग लागले होते, चार-पाच माणसं क्रेट भरत होती आणि भगवंतराव खाटेवर बसून लहान-मोठं फळ निवडत होते. त्यांची बायको देवकाबाई चहाचं पाहायला उठली.

"बसा भगवंतराव, तुम्हाले एक आयकवाचं हाय," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी बोंडं मित्राच्या कानात बसवली. भगवंतरावांच्या कानात केस भरपूर, त्यामुळे ती बसायला वेळ लागला. गाणं सुरू झालं. भगवंतरावांचा चेहरा असा उजळला, की उत्तमरावांना ते पाहवेना. त्यांनी जमिनीकडे पाहत, रस्ताभर मनात जुळवलेलं बोलायला सुरुवात केली.

"भगवंतराव, तीस वर्सं मी तुम्हाले बोल लावला. चारचौघांत लावला. तुम्ही सरळ वाजवत होते. माहीच ढोलकी चुकली होती. मले माफ करा."

भगवंतरावांनी डोळे मिटून सावकाश मान हलवली. उत्तमरावांनी वर पाहिलं. एवढ्या लवकर, एवढ्या मोठ्या मनाने! ते आणखी पुष्कळ बोलले, आणि भगवंतराव प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी एका कानातलं बोंड काढलं.

"पेटी काय गोड वाजली हाय, लेका! तू काही बोलून राहिला का?"

क्रेट भरणारी माणसं थांबली. उत्तमरावांनी या वेळी मोठ्याने, अगदी चार शब्दांत सांगितलं, "ढोलकी माही चुकली होती!"

"मले दोन्ही खेपा आयकू आलं," चहाच्या चुलीजवळून देवकाबाई म्हणाल्या.

भगवंतरावांनी गाणं मागे घ्यायला लावलं. तिसरं कडवं ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग ते खाटेवरून उठले. उत्तमरावांना वाटलं, आता एक कानाखाली बसते. पण ते सरळ क्रेटवाल्या माणसांकडे गेले आणि पहिल्याच्या कानात बोंडं खुपसली.

"आयक! ढोलकी अटकली का नाही? सांग, अटकली का नाही?"

त्या माणसाने लक्ष देऊन ऐकलं. "गाणं मस्त हाय भाऊ."

"अटकली का?"

"काय अटकली?"

दुसऱ्यालाही काही कळलं नाही. तिसरा म्हणाला, बाईचा आवाज झकास आहे. देवकाबाईंनी ओल्या हाताने एक बोंड कानाला धरलं आणि "सारं तं सारखंच वाजून राहिलं," असा निकाल दिला. भगवंतराव आणि उत्तमराव एकमेकांकडे पाहत राहिले. ज्या गोष्टीपायी एक जण तीस वर्षं ताठ मानेने फिरला आणि दुसरा खाली मानेने, ती त्या दोघांवाचून आणि इंदूबाईंवाचून जगात कोणाला ऐकूच येत नव्हती.

"सतरा तारखेले आमच्याकडे नातवाचं बारसं हाय," भगवंतराव शेवटी म्हणाले. "तिथं तू उभा राहून सांगशीन. मी पळवलं नाही म्हणून."

"सांगतो."

"माइकवर."

"माइकवर सांगतो."

मग चहा झाला, संत्री झाली, इंदूबाई आणि देवकाबाई झाडाखाली गप्पांत रमल्या. भगवंतरावांनी मात्र बोंडं काही काढली नाहीत. पहिल्या बाजूची सगळी गाणी त्यांनी मान डोलावत ऐकली. मागून घ्यायला उत्तमरावांना तोंड नव्हतं, म्हणून ते शेजारी बसून नुसते संत्री सोलत राहिले. दुसरी बाजू लागली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर भगवंतरावांची मान डोलायची थांबली. त्यांनी कपाळाला आठी घातली, हळूच फोन हातात घेतला, गाणं थोडं मागे नेलं आणि मांडीवर पेटीची बोटं फिरवत पुन्हा ऐकलं. मग त्यांनी दोन्ही बोंडं काढून वायर नीट गुंडाळली आणि फोनसकट उत्तमरावांच्या हातात दिली.

"झालं का आयकून?" देवकाबाईंनी विचारलं.

"बॅटरी खलास झाली," भगवंतराव कोणाकडे न पाहता म्हणाले.

उत्तमरावांनी फोनकडे पाहिलं. चौसष्ट टक्के बॅटरी होती.

"हो वहिनी," फोन खिशात टाकत ते म्हणाले, "जुना फोन हाय. टिकत नाही बॅटरी."