दगडावरचं माप

बायको गेली तेव्हा गावात शिसं वितळवायचा कारखाना होता आणि मी त्या कामगारांचे निळे डगले शिवायचो. चर्चमागच्या दफनभूमीत तिच्यासाठी रुंद दगड बसवला. डाव्या बाजूला तिचं नाव कोरलं, उजवी बाजू माझ्यासाठी कोरी ठेवली. वर्षभरात त्यावर काजळी धरली. बाकी काही उगवलं नाही. त्या धुरात उगवणार तरी काय?

मग कारखाना बंद पडला. गिऱ्हाइकं गेली, शेजारी गेले, एकुलता एक मुलगाही नोकरीसाठी शहरात गेला. धूरही गेला म्हणा. काही वर्षांनी तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराशी बटणाएवढा राखाडी ठिपका दिसला. मी नखाने खरवडणार, तेवढ्यात पाद्रींनी अडवलं. दगडफूल आहे ते, म्हणाले, हवा निवळल्याशिवाय येत नाही. सगळे गाव सोडून चाललेले असताना कोणीतरी इथे राहायला आलं, याचंच मला अप्रूप वाटलं.

मी पडलो शिंपी. काही वाढताना दिसलं की माप घेतल्याशिवाय राहवत नाही. दरवर्षी ती गेली त्या तारखेला मी कपडे बेतायचा पातळ कागद दगडावर धरायचो आणि पेन्सिलने त्या ठिपक्याची कड उतरवून घ्यायचो. घरी आल्यावर तो कागद मुलाच्या लहानपणीच्या सदऱ्यांच्या बेतांशेजारी खिळ्याला अडकवायचो. वर्षाकाठी जेमतेम दोऱ्याच्या जाडीएवढी वाढ. तेवढ्यावर माझं वर्ष निघायचं.

पुढे गावाबाहेर कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड झाल्या आणि दगडावर पिवळं दगडफूल आलं. त्याला कोंबड्यांच्या विष्ठेची उग्र हवा मानवते, असं पाद्री सांगायचे. नंतर तेही बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. पिवळं मात्र भराभर पसरलं, राखाडीत मिसळलं, माझ्या बाजूलाही सरकलं. तिचं नाव कधी झाकलं गेलं, मला कळलंही नाही. मी नाव वाचायचोच नाही. कड सरकलेली दिसली की तिचं बरं चाललंय असं वाटायचं. हसा खुशाल.

यंदा त्या तारखेला माझा गुडघा सुजला होता. मुलगा खूप वर्षांनी आला होता, मीच जाऊन येतो म्हणाला. त्याच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी असं मनात आलं, पण लाज वाटली. दुपारी तो परतला तो बादली आणि तारेचा ब्रश घेऊन, बाह्या ओल्या, चेहरा खुललेला. आईचा दगड घासून लख्ख केला म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. कोणी सांगितला होता हा शहाणपणा, असं विचारत मी खिळ्यावरचे सगळे कागद ओढून त्याच्या पुढ्यात टाकले. तो खाली बसून एकेक कागद उलगडून बघत राहिला.

“मला आई सापडतच नव्हती, बाबा,” तो म्हणाला. “सगळ्या रांगा फिरलो. शेवटी अंदाजाने एक दगड घासला, तेव्हा तिचं नाव निघालं.”

मी त्याच्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली. मग विचारलं, “आणि माझी बाजू?”

“तिला हात नाही लावला. तिथे वाचायला काय होतं?”

दुसऱ्या दिवशी तो गेला. घर पुन्हा खायला उठलं. गुडघ्याची सूज जरा उतरल्यावर मी दफनभूमीत गेलो. तिचं नाव नुकतंच कोरल्यासारखं स्वच्छ होतं. मोठ्याने वाचलं. तोंडाची सवय मोडली होती, पहिल्यांदा आवाज नीट निघालाच नाही. रडू आलं, तर रडून घेतलं. बघायला होतं कोण?

माझ्या बाजूला पिवळं शाबूत होतं, तिच्याच बाजूने आलेलं. कागद धरून त्याची कड उतरवली. आता ते उलट तिच्याकडे वाढत जाईल, पण तिथवर पोचेल तेव्हा मी मापं घ्यायला नसेन.

घरी येऊन मुलाला फोन लावला. आधी त्याच्या जेवणाखाण्याचं विचारलं. मग म्हणालो, “कुंपणाकडून तिसरी रांग, फाटकाकडून मोजलास तर पाचवा दगड. लिहून ठेव. पुढच्या वेळी तिथे आम्ही दोघं असू. ब्रश आणू नकोस.”