पालथ्या कापडावरचं एन्टोन्सो

एन्टोन्सोचा ठसा कधी चुकत नाही, असं आमच्या या घानातल्या गावात पिढ्यानपिढ्या छातीठोकपणे सांगितलं जातं. खरं म्हणजे चुकलेला ओळखू येत नसे. कापडावर ठोकायची आमची बहुतेक चिन्हं डावीकडून पाहा नाहीतर उजवीकडून, सारखीच.

मग पोकुआ कुमासी शहरातल्या कॉलेजातून अक्षरं घडवायला शिकून आली. म्हणाली, मामाच्या कोरीव ठशांवरून फॉन्ट करणार. वेशीवर गावाची नवी पाटी लागायची होती. ती पोकुआच्या अक्षरांत की छापखान्यातल्या तयार अक्षरांत, हे आमचे प्रमुख नाना आमोआ ठरवणार होते.

"अक्षरं आपली आहेत ना? मग आपल्या कापडावर उमटवून दाखवा. सगळ्यांसमोर," नाना म्हणाले.

पोकुआचा मामा, दापा, माझा शाळेतला सोबती. त्याने भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्यांवर एकेक इंग्रजी अक्षर कोरलं, ते ठसे झाडाच्या सालीच्या काळ्या रंगात बुडवले आणि चौकात कापडावर गावाचं नाव ठोकलं. टी आणि ओ दोन्हीकडून सारखेच, पण एन आणि एस उलटे उमटले. ठसा आरशातल्यासारखा कोरायची वेळ चाळीस वर्षांत त्याच्यावर आलीच नव्हती.

"मामा, उलटं कोरा म्हणून किती वेळा सांगितलं होतं!"

"तुझा कॉम्प्युटर ऐकतो, भोपळा नाही ऐकत."

"शाळेतही एन असाच काढायचा," मी म्हणालो.

"तू गप रे. तुला तुझे गुणसुद्धा मोजता येत नव्हते, मीच मोजून दिले होते."

दापाने तिरीमिरीत कापड पालथं केलं. रंग पातळ सुतातून आरपार झिरपला होता. अक्षरं सुलट दिसत होती, पण नाव शेवटाकडून सुरू होत होतं.

"अक्षरं सुधारली, गाव बिघडलं," नाना म्हणाले. चौक हसला.

पोकुआ हसली नाही. झिरपून मऊ झालेल्या कडांवरून तिने बोट फिरवलं. "मामा, दुसरं कापड घ्या. आता उजवीकडून डावीकडे ठोका."

त्याने ठोकलं. तिने उलटवलं. एन्टोन्सो! अगदी सरळ, ठसठशीत. कुणी न सांगता ढोल सुरू झाले, बायकांनी पांढरे रुमाल फडकावले आणि कुणासाठी न उठणारे नाना उठून उभे राहिले.

फॉन्ट त्या पालथ्या बाजूवरूनच झाला. महिन्याभरात त्याच अक्षरांत पाटीही लागली. बसवणाऱ्याने ती गावाकडे तोंड करून बसवली. कुमासीहून येणाऱ्यांना तिची कोरी पाठ दिसते. पत्र्यातून रंग झिरपत नाही.