फासळ्यांना वेळ लागतो

मुलाने गॅसची बटणं काढून न्यायला सुरुवात केली त्याला अकरा दिवस झाले होते. वरच्या चार शेगड्यांची चार आणि खालच्या ओव्हनचं एक. सकाळी पोस्टात कामाला निघताना तो ती पाचही बटणं रुमालात बांधून पिशवीत टाकी आणि संध्याकाळी आल्यावर परत बसवी. दिवसभर स्वयंपाकघरात शेगडी बोडकी उभी असे.

हे ज्या बाईमुळे चाललं होतं, तिने एकतीस वर्षं अवजारांच्या कारखान्यात भट्टी सांभाळली होती. छिन्न्या, पाने, करवतीची पाती, सगळं तिच्या हाताखालून तापून निघे. पोलाद आधी लाल करून तेलात बुडवायचं, मग ते काचेसारखं तडकू नये म्हणून दुसऱ्या भट्टीत मंद आचेवर तासन्‌तास मुरवायचं, हे तिचं काम. कारखान्यात तिला सगळे भट्टीताई म्हणत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बाजारात जुनं कुणी भेटलं की त्याच नावाने हाक मारी. आणि आता तिला स्वतःच्या घरात चहा टाकायची बंदी होती.

झालं होतं ते असं. एका दुपारी तिने शेगडीवर घेवडा शिजत ठेवला आणि तो करपला. नुसता करपला नाही, पातेल्याचा कोळसा झाला, खिडकीचा पडदा एका कडेने तपकिरी झाला आणि धूर जिन्यात गेला. खालच्या मजल्यावरचे मास्तर धावत वर आले, त्यांनी दार ठोठावलं, कुणी उघडेना म्हणून ढकललं, तेव्हा ती बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसलेली सापडली. सून जळीत वॉर्डात नर्स होती. ती ड्यूटीवरून आली, काळं पातेलं पाहिलं आणि चपला न काढता तिथेच फरशीवर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर भट्टीताईला बरं वाटलं असतं.

त्यानंतर नवराबायकोचं खोलीचं दार लावून बोलणं झालं. मुलाने येऊन सांगितलं की हे सगळं तात्पुरतं आहे, स्मरणशक्तीची तपासणी होईपर्यंत, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. "आई, तू विसरलीस ना?" असं त्याने विचारलं, सुनेने विचारलं, मास्तरांनीही विचारलं. तिने तिघांनाही एकच उत्तर दिलं, करपलं म्हणून. काय झालं होतं, असं कुणी विचारलं नाही, म्हणून तिनेही सांगितलं नाही. तिचा स्वभावच तसा. विचारल्याशिवाय सांगणार नाही, आणि चुकीचं विचारलं तर मुळीच नाही.

अकरा दिवस तिने सोसलं. मग बुधवारी, सून रोज ठेवून जाई त्या जेवणाच्या डब्यावर, तिच्या अक्षरात चिठ्ठी होती: "आधी डावीकडचा डबा. गरम करायची गरज नाही, हे थंडच चांगलं लागतं."

भट्टीताईने चिठ्ठी दोनदा वाचली. पहिलं वाक्य तिने पोटात घातलं. दुसरं काही केल्या पोटात जाईना. तो भाताचा प्रकार होता आणि थंड भात कुणालाही चांगला लागत नाही, हे लिहिणारीलाही ठाऊक होतं. म्हातारीची समजूत घालायला कुणी खोटं बोलावं, तेही आचेबद्दल, आणि तेही तिच्याशी! तिने डबा झाकण न उघडता फ्रिजमध्ये ठेवला आणि उपाशीच बसून विचार केला.

गुरुवारी घर रिकामं होताच ती पिशवी घेऊन बाहेर पडली. एकटीने बाहेर जायचं नाही असंही ठरलेलं होतं, पण एक नियम मोडायचाच तर दुसऱ्याला कशाला दुखवायचं. खाटकाकडून तिने डुकराच्या फासळ्यांचा एक आख्खा पट्टा घेतला, बारा हाडांचा, मांस जाड असलेला. खाटीक ओळखीचा नव्हता. कुकरला लावायला तुकडे करून देऊ का, असं त्याने विचारलं. तिने नको म्हटलं. ओव्हनला लावायच्या तर वेळ फार लागतो, आजी, असं तो म्हणाला.

"वेळच तर उरलाय माझ्याकडे," ती म्हणाली. "बांध."

घरी येऊन तिने आधी मांस धुऊन फडक्याने कोरडं केलं. फासळ्यांच्या आतल्या बाजूला, हाडांवर, पातळ पांढरा पडदा असतो. तो ठेवला तर तीन तास शिजवा की तीस, दाताखाली रबर येतं. तिने चमच्याची दांडी एका टोकाच्या हाडाखाली सरकवून पडदा उचकला, ओला पडदा बोटातून निसटतो म्हणून जुन्या फडक्यात धरला आणि एका दमात टोकापर्यंत ओढून काढला. फाटला नाही. तिने तो उजेडात धरून पाहिला आणि स्वतःशीच मान डोलावली. मग मीठ, मिरी, लाल तिखट, ठेचलेला लसूण आणि तपकिरी साखर दोन्ही बाजूंनी चोळून पट्टा तासभर तसाच ठेवला.

आता ओव्हन. बटण नव्हतं, पण बटणाच्या आत जी दांडी असते ती जागेवरच होती, आणि अवजारांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाईच्या घरात पक्कड नसेल असं कुणाला वाटलं असेल तर तो त्याचा प्रश्न. तिने ओव्हनचं दार उघडलं, आधी काडी पेटवली, मग पकडीने दांडी फिरवली. निळी ज्योत सुरसुरत मागपर्यंत गेली. अडचण वेगळीच होती. आकडे बटणावर होते, आणि बटण पोस्टात होतं.

मुलाला बहुधा वाटलं असावं की आकड्यांशिवाय आईला काही जमणार नाही. पण भट्टीवरची तापमान दाखवणारी काट्याची घड्याळं वर्षातून चारदा बिघडत आणि काम काही थांबत नसे. तिने ओव्हनमध्ये एका वाटीत पाणी ठेवलं आणि दुसऱ्या वाटीत चमचाभर पांढरी साखर. पाणी हळूहळू उकळायला हवं आणि साखर वितळता कामा नये. पाण्याला उकळी आली आणि साखर कोरडी पांढरी राहिली, म्हणजे आच मधली, तिला हवी तशी. पहिल्यांदा साखरेच्या कडा ओल्या दिसल्या. तिने दांडी केसभर मागे घेतली, नवी साखर ठेवली, वीस मिनिटं वाट पाहिली. साखर पांढरी राहिली. मग बरोबर बारा वाजून दहा मिनिटांनी तिने पट्टा ट्रेमध्ये घातला, तळाशी व्हिनेगरचं थोडं पाणी ओतलं, फॉइलचे दोन थर गच्च आवळले आणि ट्रे आत सरकवला. स्वयंपाकघरात खुर्ची आणून ओव्हनसमोर बसली.

ती जागची हलली नाही असं म्हणता येणार नाही. मध्ये तिने रस केला. टोमॅटो, मध, व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, थोडं तिखट, एका शेगडीवर पकडीनेच आच धरून, चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ राहील इतका दाट होईपर्यंत. दोन वाजता फॉइलचं एक टोक उघडून पाहिलं, मांस अजून हाडाला धरून होतं. परत झाकलं.

अडीचला मास्तर आले. त्यांना लक्ष ठेवायला सांगून ठेवलेलं होतं आणि वास खालपर्यंत गेला होता. दारातूनच त्यांनी विचारलं की ताई, गॅस चालू आहे का.

"आहे."

"पण बटणं तर..."

"बटणं नाहीत. गॅस आहे. मी आहे. आणखी कोण हवंय?"

मास्तरांनी आत डोकावून पाहिलं. मग अपराधी चेहऱ्याने म्हणाले की मला फोन करावा लागेल हो, मी शब्द दिलाय. करा की, असं भट्टीताई म्हणाली, आणि हेही सांगा की चार वाजेपर्यंत जेवायला मिळणार नाही.

सव्वातीनला तिने ट्रे बाहेर काढला. मांस हाडांच्या टोकांपासून बोटाचं पेरभर मागे सरलं होतं. मधलं एक हाड तिने चिमट्यात धरून फिरवलं, ते चुलीतल्या लाकडासारखं मोकळं फिरलं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि मुलगा आत आला, घामाघूम, कामावरची ओळखपट्टी गळ्यातच. पिशवी त्याने छातीशी धरली होती. स्वयंपाकघराच्या दारात त्याने एकदम सगळं पाहिलं: चालू ओव्हन, दांडीवर लटकलेली पक्कड, आई.

त्याचा आवाज आधी चढला, मग फुटला. मास्तरांचा फोन आल्यावर आपण काय काय डोळ्यांसमोर आणलं ते त्याने सांगितलं. तू पुन्हा विसरली असतीस तर, असं तो तीनदा म्हणाला. त्याने ओव्हन बंद करायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. भट्टीशेजारी कुणी मधे आलं की ती असंच बोलत असे. "बारा वाजून दहा मिनिटांनी आत घातलंय. दोनला पाहिलं, कच्चं होतं. अडीचला मास्तर आले. सव्वातीनला काढलं. म्हणजे तीन तास पाच मिनिटं. कुठेही लिहून ठेवलेलं नाही. आता यावर रस लावून आच वाढवून तीनदा सात-सात मिनिटं ठेवायचंय. तोवर तू बस. मला विचारायचं ते विचार, पण नीट विचार."

तो बसला. तिने ब्रशने रसाचा पहिला हात दिला, ट्रे आत सरकवला, दांडी फिरवली. त्याने पिशवी मांडीवर ठेवली. मग त्याने विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं, आई?"

"फोन आला होता. माझी जोडीदारीण गेली."

जोडीदारीण म्हणजे भट्टीवरच्या दुसऱ्या पाळीतली नव्हे, तिच्याच पाळीतली, बावीस वर्षं तिच्या शेजारी उभी राहिलेली. मोठं काम हातावेगळं झालं की ती घरून फासळ्यांचा पट्टा फॉइलमध्ये गुंडाळून आणी आणि दोघी तो मंद भट्टीच्या कोपऱ्यात साहेबांच्या नकळत ठेवत. जेवणाच्या सुट्टीत सगळा विभाग बोटं चाटे. हाड सोडलं पाहिजे मांसाने, दाताने नाही सोडवायचं, हे वाक्य तिचं. फोन तिच्या नवऱ्याचा होता. कसं झालं, कधी झालं, एवढं सांगून तो रडायला लागला आणि भट्टीताई फोन धरून खुर्चीवर बसली ती बसलीच. घेवडा तिला आठवत होता. तो करपतोय हे तिला नाकाने कळलंही होतं. उठवत नव्हतं.

"म्हणजे तू विसरली नव्हतीस," मुलगा म्हणाला.

"नाही. मला त्या वेळी घेवड्याची पर्वा नव्हती. हे विसरण्यापेक्षा वाईट असेल तर तसं म्हण. पण दुसरं काहीतरी नाव देऊन मला डब्यात बंद करू नकोस."

तू सांगितलं का नाहीस, असं त्याने विचारलं. तुम्ही मला विचारत नव्हता, माझी परीक्षा घेत होता, असं ती म्हणाली, आणि सात मिनिटं झाली म्हणून उठली. दुसरा हात. तिसरा हात. प्रत्येक वेळी रस आधी बुडबुडला, मग कडेला काळपट झाला, मग आरशासारखा चमकला. मुलाने पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली आणि एकेक बटण जागेवर बसवलं. तिने मदत केली नाही. ज्याने काढली त्यानेच लावावीत.

सून सहाला आली तेव्हा निम्मा पट्टा तिच्यासाठी झाकून ठेवला होता. नवऱ्याने तिला बाहेरच सगळं सांगितलं असावं, कारण ती आत आली ती सरळ सासूसमोर उभी राहिली. तिने माफी मागितली नाही. वॉर्डात या महिन्यात आलेल्या तीन बायकांबद्दल सांगितलं, एकेकीचं वय, एकेकीचे हात. घरी येताना मी रोज जिन्यात धुराचा वास येतोय का ते बघते, असं ती म्हणाली.

"तुझी भीती खरी आहे," भट्टीताई म्हणाली. "मी ती खोटी म्हणत नाही. धुराची घंटा लाव, दोन लाव. पण तुझी भीती माझ्या हातांना बांधू नकोस. आणि थंड भात चांगला लागतो असं पुन्हा लिहू नकोस."

सुनेला हसू आलं आणि ते लपवायला तिने उभ्यानेच एक फासळी उचलली. हाड तिच्या बोटात आलं आणि मांस ताटात राहिलं.

तपासणीला भट्टीताई गेली, आपल्या पायांनी. तीसपैकी सत्तावीस आले. तारीख चुकली, एक शब्द आठवला नाही, आणि वजाबाकीत तिने डॉक्टरांशी वाद घातला. तारखेबद्दल तिचं म्हणणं असं होतं की निवृत्त माणसाला तारीख लागतेच कशाला. डॉक्टर म्हणाले वर्षभराने पुन्हा या. बघू, असं ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने दोन पट्टे लावले. एक घरात ठेवला, दुसरा फॉइलमध्ये, वर टॉवेलमध्ये गुंडाळून मुलाबरोबर बसने जोडीदारणीच्या घरी नेला. तिच्या नवऱ्याने दार उघडलं. खुरटी दाढी वाढलेली, टेबलावर पावाचं अर्धं पाकीट. भट्टीताईने सांत्वनाचं काही बोलायचं ठरवून आणलं होतं, ते बोललीच नाही. ताट मागितलं. त्याने एक फासळी खाल्ली, मग दुसरी, मग हाडं ताटाच्या कडेला ओळीने मांडत तिसरी.

"तिच्यापेक्षा गोड झाल्यात," तो म्हणाला.

"माझ्या अशाच होतात," भट्टीताई म्हणाली, आणि स्वतःलाही वाढून घेतलं.